पांढऱ्या पातळातली नवरी

इंदोरा, नागपूर
१२ जुलै १९७८

सुहासिनी,

तीनदा 'प्रिय' लिहिलं आणि तीनदा खोडलं. कागद वाया जाऊन राहिला, म्हणून आता नुसतं नाव. सात वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. घरी सगळे खुशाल आहेत. शालिकरामही खुशाल आहेत. हे मुद्दाम आधी लिहिते, कारण सध्या इकडे लोकांना तसं वाटत नाही.

झालं असं. मी आता इथल्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. यंदा शिक्षकांसाठी एक नवीन पुस्तक आलं, तुझ्या पुण्याहूनच. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. पार्सल मीच फोडलं. त्यात 'रंगांचे अर्थ' म्हणून धडा आहे. लाल म्हणजे शौर्य आणि सौभाग्य, हिरवा म्हणजे सुफलता, पिवळा म्हणजे मांगल्य. पानं उलटत उलटत एकेचाळिसाव्या पानावर आले. 'पांढरा : वैधव्य, विरक्ती, रितेपण.' आणि त्याच्याखाली अख्खं पान भरून मी.

हो, मीच. पांढरं पातळ, मोकळं कपाळ, उजव्या हातात मोगऱ्याचा हार. खाली बारीक अक्षरात छापलंय : 'वैधव्य, तैलरंग, १९६९. प्रथम पारितोषिक.' आणि तुझं नाव.

मला आधी काय वाटलं सांगू? आनंद झाला गं. बाई बाई, चित्र आहे तर! तू लिहिलं होतंस की मुंबईला नेताना खोक्यात पाणी शिरलं, रंग फुटला, चित्र गेलं. तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. शालिकराम म्हणाले होते, "जाऊ दे ना, आपण तर आहो." आणि आता बघते तर चित्राला ओरखडासुद्धा नाही.

पाणी कसं सुकलं ते तू सवडीने सांग. पण नावाचं मात्र लगेच बघ. प्रकाशकाच्या ऑफिसात कोणीतरी टेबलावर बसून, पांढरं पातळ दिसलं की ठोकून दिलं असणार. पान पुरावं म्हणून माझ्या बाजूचे शालिकरामही त्यांनीच कापले असणार. तू ते पुस्तक पाहिलंही नसशील. एक कार्ड टाक त्यांना, की हे लग्नाचं चित्र आहे आणि ही बाई जिवंत नवऱ्याची बायको आहे. पुढच्या आवृत्तीत सुधारतील.

आमचे मुख्याध्यापक कृष्णकांत सर फार भले गृहस्थ. त्यांनी चित्र ओळखलं. मला खोलीत बोलावलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "देवकीबाई, आम्हाला काही कल्पनाच नव्हती. एवढ्या लहान वयात! आणि पुन्हा संसार उभा केलात, मोठं धाडस केलंत. शालिकरामांचंही मन मोठं म्हणायचं."

मी म्हटलं, "सर, ते माझ्या लग्नाचं चित्र आहे." तर हसून म्हणाले, "पुस्तकात छापलंय बाई." त्यांना मी लाजून राहिले असं वाटलं. शालिकराम गिरणीत जाताना मला सायकलवर शाळेच्या फाटकाशी सोडतात. आता अर्धा स्टाफ खिडकीशी येऊन माझा दुसरा नवरा पाहतो. पहिला कोण होता ते मला तरी कुठे ठाऊक आहे!

मी रागावले नाही. फक्त कार्ड टाक.

देवकी


९ ऑगस्ट १९७८

सुहासिनी,

तुझं पत्र आलं. फाटकातच उभी राहून वाचलं, मग घरात येऊन वाचलं, मग पोळ्या करपल्या.

म्हणजे चूक प्रकाशकाची नाहीच. नाव तूच दिलंस. आणि पाणीबिणी कुठे शिरलंच नव्हतं. 'तुला वाईट वाटू नये म्हणून तसं लिहिलं,' म्हणतेस. वा! काळजीच केलीस म्हणायची.

तू लिहितेस की चित्र तू आधी 'मंगल परिणय' या नावानेच नेलं होतंस. मुंबईचे तुझे गुरुजी म्हणाले, 'पांढऱ्यात नवरी कुठे असते? बघणारा गोंधळेल. तो पुरुष काढून टाक, चित्र उभं राहील.' आणि तू काढलास. तो पुरुष! त्याच्या हातचा चहा प्यायचीस की तू. तुमच्या महाल भागातल्या घराच्या माडीवर चार दुपारी तो पुरुष माझ्या डाव्या बाजूला ताटकळत उभा होता, मे महिन्याच्या उकाड्यात, गिरणीत रजा टाकून. त्याला तू करड्या रंगाखाली घातलंस.

'चित्र पूर्ण झालं की अर्थ बघणाऱ्याचा असतो, तू व्यक्तिशः घेऊ नकोस,' असंही लिहिलंस. चेहरा माझा, पातळ माझं, नवरा माझा, आणि व्यक्तिशः कोणी घ्यायचं? शेजारच्या काकूंनी?

मी शाळेतलं भिंग आणून पान एकेचाळीस पाहिलं. माझा डावा हात कोपरात वाकलेला आहे, बोटं अर्धी मिटलेली, आणि त्या हातात काही नाही. पुस्तकातल्या टिपणात त्यावर चांगल्या सहा ओळी आहेत. 'रिकाम्या अवकाशात काहीतरी शोधणारा हा हात संपूर्ण चित्राचा प्राण आहे.' अगं तो काही शोधत नव्हता वं! त्या हातात शालिकरामांचा हात होता. घामाने चिकट झाला होता, म्हणून मी मधूनमधून सोडवत होते आणि तू ओरडत होतीस, "हलू नकोस देवकी!"

आणि त्या पांढऱ्याचं कौतुक! 'पांढऱ्या रंगाच्या इतक्या छटा क्वचितच दिसतात.' त्या छटा कोणी कालवल्या होत्या? तुला पातळाची चूण साधत नव्हती. सगळं चुना फासल्यासारखं दिसत होतं म्हणून तू रडकुंडीला आली होतीस. मी नवरी असूनही पदर खोचून बसले, पिवळ्या मातीच्या रंगाचं बोट लावलं, निळा जरासा, आणि म्हटलं, "पांढऱ्यात पांढरा कमीच असतो, सावल्या जास्त." आठवतं ना? नसेल आठवत. बक्षीस मिळालं की असलं आठवत नसेल.

बरं, गुरुजींना माहीत नव्हतं, मान्य. मुंबईचे मोठे लोक, त्यांना इंदोरा कुठे आहे तेही ठाऊक नसेल. पण तुला? मी नऊ वर्षांची असताना धम्मदीक्षेला गेले होते ते मी तुला किती वेळा सांगितलं. आईने पांढरं लुगडं घेतलं होतं, बाबांचा पांढरा सदरा, आणि माझा विटका परकर आईने तीनदा धुऊन, नीळ घालून पांढरा करायचा प्रयत्न केला होता. तो झाला निळसर आणि मी रडले, कारण गल्लीतली सगळी पोरं पांढरीशुभ्र आणि मीच एक निराळी. त्या दिवसापासून आमच्या घरात सणाला पांढरं निघतं. बाबांनी लग्नात कुंकू लावू दिलं नाही, तेही तुझ्यासमोर. पहिल्या ओळीत बसली होतीस तू. त्रिसरण चालू असताना माझ्याबरोबर तुझे ओठ हलत होते. तुझ्या आईने घरी विचारलं होतं, 'पांढऱ्यात कसलं लग्न? अशुभ नाही का?' आणि तू त्यांच्याशी भांडलीस, ताटावरून उठलीस, आणि हे मला मोठ्या अभिमानाने येऊन सांगितलंस. माझ्या पातळासाठी आपल्या आईशी भांडलेली पोरगी ही. म्हणून जास्त लागलं.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नव्हती. आमची जया आता आठ वर्षांची आहे, माझ्याच शाळेत तिसरीत. परवा घरी आली, दप्तर टाकलं नि म्हणाली, "आई, मी या बाबांची आहे, का त्या मेलेल्यांची?" वर्गातल्या पोरींनी तिला सांगितलं होतं. शालिकराम तिथेच चहा पिऊन राहिले होते. त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि पोरीकडे पाहत राहिले. मग सायकल काढून निघून गेले. चहा तसाच राहिला.

मला तुझी माफी नको. त्या चित्राचं नाव बदल आणि पुस्तकवाल्यांना कळव. पोरीला मला छापलेलं दाखवायचं आहे, कारण छापलेलंच लोकांना खरं वाटतं.

देवकी


१८ डिसेंबर १९७८

प्रिय सुहासिनी,

घे, या वेळी 'प्रिय' लिहिलं.

तुझं पत्र काल आलं आणि मी ते मोठ्याने वाचून दाखवलं, सासूबाईंना, शालिकरामांना, जयाला. वैदर्भीय चित्रकारांचं प्रदर्शन जानेवारीत इथे नागपुरात भरतंय, चित्र येतंय, तूही येतेस, आणि उद्घाटनाच्या आधी चित्राखालची पाटी बदलून घेतेस. वर व्यासपीठावरून सांगणार आहेस की हे कोणाचं लग्न आणि हे पांढरं कशाचं. 'देवकी, मला तेवढी एक संधी दे,' लिहिलंस. दिली बाई, दिली! मी किती दिवस रुसून बसणार? माझ्याच्याने होत नाही.

सासूबाईंचं नाव बायजाबाई, तुला आठवत असेल, मांडवात तुला हाताला धरून वाढत होत्या. त्यांनी काल अख्ख्या गल्लीत सांगून टाकलं. आता सोळा-सतरा बाया येतो म्हणतात. आणि ठरलंय काय, ऐक. सगळ्या जणी आपापल्या लग्नाचं पांढरं पातळ नेसून येणार. ज्यांचं फाटलं त्या मुलीचं नेसणार. सासूबाईंचं लग्न जुन्या पद्धतीचं, त्यांनी दीक्षेचं लुगडं काढलंय. म्हणतात, "पाहू दे त्या साहेबलोकाइले, पांढऱ्यात नवऱ्या कशा दिसते त."

जयाने वर्गात सांगितलं की माझ्या आईबाबांच्या लग्नाचं चित्र मोठ्या हॉलमध्ये लागणार आहे. कृष्णकांत सरांनाही मी आमंत्रण दिलं.

रात्री आमच्याकडेच जेवायचं. तुला आवडतो तसा गोळाभात करते, वरून लसणाची फोडणी. हॉटेलात उतरलीस तर बघ.

तुझी
देवकी


२२ जानेवारी १९७९

सुहासिनी,

गोळाभात आम्हीच खाल्ला.

तू पाहिलंस ते तुला माहीत आहे. पण तू व्यासपीठावर होतीस, आम्ही खाली. खालून कसं दिसलं ते ऐक.

आम्ही सतरा जणी, शालिकराम आणि जया, असे एस.टी. स्टँडकडून चालत आलो. दारातल्या माणसाने पांढऱ्या बायांची रांग पाहिली आणि विचारलं, "कोणत्या आश्रमातून आलात?" सासूबाई म्हणाल्या, "इंदोऱ्यातून." त्याला वाटलं इंदोऱ्यातला आश्रम. त्याने आम्हाला अगदी मायेने बाजूच्या बाकांवर नेऊन बसवलं आणि पाणी विचारलं. आमच्या बाया तोंडाला पदर लावून हसून राहिल्या होत्या. मीही हसले. म्हटलं, थांब गड्या, आता ऐकशीलच.

मग मी उठून चित्राजवळ गेले. पाटी होती तीच होती. 'वैधव्य.' मला वाटलं, तू भाषणात सांगून मग बदलणार असशील. लोकांना धक्का द्यायची तुला कॉलेजपासून हौस. खरंच मला तसं वाटलं. इतकी मी मूर्ख.

तुझं भाषण चांगलं झालं. रंग कसे बोलतात, रंगांची भाषा कशी सगळ्या माणसांची एकच असते, असं काहीतरी. मग तुझ्या शेजारी बसलेल्या प्रमुख पाहुण्यांनी आमच्या बाकांकडे बघून माइकमध्येच तुला विचारलं, "या सगळ्या भगिनी कोण?" आणि तू माझ्याकडे पाहिलंस. नजर चुकवली असतीस तरी मी म्हटलं असतं की गर्दीत दिसले नसेन. तू नीट पाहिलंस. मी तुला मान हलवून दाखवली, बोल म्हणून. आणि तू म्हणालीस, "या भगिनी माझ्या चित्राची प्रेरणा आहेत. यांच्या मूक दुःखातूनच हे चित्र जन्मलं."

टाळ्या किती पडल्या! आमच्यातल्या दोघी-तिघींनीही वाजवल्या, त्यांना वाटलं आपलंच कौतुक चाललंय.

सासूबाई मात्र उठल्या. त्यांना माइक लागत नाही हे तुला माहीत आहे. "ओ बाई, दुःख कायचं? ही माही सून होय. हे तिच्या लगनाचं चित्र होय. अन् हा माहा पोरगा बसला इथं, जिता हाय. डोये भरून पाहून घ्या सारे!" हॉल हसला. हसणारच, लोकांना गंमत वाटली. पाहुणे म्हणाले, "आजींना पाणी द्या." तेव्हा मी तुझ्याकडे बघत होते. तू रुमाल तोंडाला लावून हसत होतीस.

बाकी सगळं मी कधीतरी पचवलं असतं. गुरुजी, बक्षीस, भीती, तुझं नाव होणं, सगळ्याला मी काहीतरी कारण शोधून दिलं असतं, आजवर देतच होते. पण माझ्या सासूवर हसलीस ना, ते नाही पचायचं. तिने तुला मांडवात हाताने भरवलं होतं.

नंतर काय झालं ते तुला दिसलं नसेल, तुझ्याभोवती लोक होते. शालिकराम उठले, चित्रापाशी गेले आणि माझ्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले, नऊ वर्षांपूर्वी उभे होते तसे, हात सरळ, मान ताठ. लोक चित्र बघायला येत होते आणि त्यांच्याकडे बघून पुढे जात होते. थोड्या वेळाने तिथला चौकीदार आला नि म्हणाला, "भाऊ, बाजूला व्हा, चित्र झाकून राहिले तुम्ही."

ते बाजूला झाले. घरी येईपर्यंत जया त्यांचं बोट धरून होती. कृष्णकांत सर आले होते, त्यांनी मला नमस्कार केला आणि लगबगीने निघाले. त्यांना काय समजलं, देव जाणे. देव आम्ही मानत नाही, तरी लिहिलं.

मला आता तुझ्याकडून काही नको.

देवकी


२९ एप्रिल १९७९

सुहासिनी,

लिहिणार नव्हते. पण चित्र पोचलं, ते कळवायला हवं.

रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून शालिकराम रिक्षात घालून घेऊन आले. आत तुझ्या चार ओळी होत्या. 'त्या दिवशी तोंड उघडलं नाही. आता हे तुझंच. याला हवं ते नाव दे.' मी ती चिठ्ठी दोनदा उलटून पाहिली, मागे काही आहे का म्हणून. नव्हतं.

दरम्यान मी प्रकाशकाला स्वतःच लिहिलं होतं. त्यांचंही उत्तर त्याच आठवड्यात आलं. दुसरी आवृत्ती जूनमध्ये निघतेय, पान एकेचाळीस आहे तसंच राहील. 'चित्रकर्तीकडे विचारणा केली असता त्यांनी शीर्षक योग्य असल्याचे कळवले आहे.' तारीख मार्चची आहे. म्हणजे त्याच महिन्यात तू एका हाताने चित्र बांधत होतीस आणि दुसऱ्या हाताने त्यांना हे लिहीत होतीस. घरातल्या घरात चित्र माझं, आणि जगासाठी नाव तुझं. हिशेब चांगला जमवलास.

तरी मी चित्र ठेवून घेतलं. कारण मला एकच दिसत होतं. त्या करड्या रंगाखाली शालिकराम आहेत. मी जयाला सांगितलं, "बाबा आत आहेत, आपण काढू." सासूबाईंना सांगितलं. टर्पेंटाइन आणलं, कापसाचे बोळे केले, दाढीचं पातं घेतलं आणि खिडकीशी बसले. मी नऊ वर्षांत तैलरंगाला हात लावला नव्हता. शाळेत खडू आणि पाण्याचे रंग, बस. वास आला आणि कॉलेजातली तू आठवलीस. रागच आला मला माझा.

पहिल्या रविवारी हात निघाला. माझ्या हातातला त्यांचा हात, अंगठ्याच्या नखावर गिरणीतला जुना काळा डाग होता तोसुद्धा तू काढला होतास. किती सुरेख काढला होतास तू! मी तशीच बसून राहिले. दुसऱ्या रविवारी बाही, तिसऱ्या रविवारी खांदा आणि सदऱ्याची कॉलर. जया माझ्या मांडीला चिकटून बसायची आणि विचारायची, "आता तोंड?" मी म्हणायचे, "आता तोंड."

चौथ्या रविवारी मी कॉलरच्या वर गेले. करडा निघाला. खाली काही नव्हतं.

आधी वाटलं मीच जास्त घासलं. मग तिरप्या उजेडात धरून पाहिलं. सुरीचे फराटे होते, एकापाठोपाठ एक, थेट कापडाचा धागा दिसेपर्यंत. तू हात राहू दिलास, खांदा राहू दिलास, त्यावर नुसता रंग फिरवलास. पण चेहरा तू खरवडून काढलास. कारण मला समजतं, मीही चित्रं काढते. चेहरा जाड लागला होता, वरून रंग दिला तरी नाकाडोळ्यांचा उंचवटा राहिला असता, परीक्षकांना दिसला असता. म्हणून सुरी घेतलीस. ओळखीच्या माणसाचं तोंड समोर ठेवून, नाकापासून की कपाळापासून सुरुवात केलीस, तेवढं मला कधी कळणार नाही.

नुसतं झाकलं असतंस, तर मी म्हटलं असतं, घाबरली बिचारी. इतके महिने मी मनात तेच म्हणत होते. आता म्हणायला काही उरलं नाही. मी तिथेच बसून रडले, मोठ्याने, पोरीसमोर.

शालिकराम अंगणातून आले. पाहिलं. म्हणाले, "मंग तू काहून रडून राहिली? तूच काढ ना. तुले येत नाही का?"

मी म्हटलं, "मला तेव्हाचे तुम्ही नीट आठवत नाही. फोटो पण नाही."

"तवाचा कायले पाह्यजे? मी बसलो ना आत्ता."

आणि बसले. सदरा बदलून, केस ओले करून. दोन रविवार लागले. माझा हात आधी धड वळत नव्हता, कान मोठा झाला, तो पुसून पुन्हा काढला. आता त्यांच्या कानशिलावर पांढरं आलंय, डोळ्यांखाली सुरकुत्या आहेत, गालफडं बसलीत. सगळं काढलं. काही लपवलं नाही. सासूबाई बघून म्हणाल्या, "हे काय वं? नवरी कवळी पोरगी अन् नवरदेव पिकलेला? लोक काय म्हनतीन?" मी म्हटलं, "मधातले नऊ साल तिनं नेले, ते मी कुठून आणू?" त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

चित्र आता शाळेत माझ्या वर्गात आहे, फळ्याशेजारच्या भिंतीवर. कृष्णकांत सरांनी परवानगी दिली. शालिकराम आणि त्यांचा एक सोबती खिळे ठोकायला आले होते. सर बराच वेळ चित्राकडे आणि शिडीवर उभ्या असलेल्या शालिकरामांकडे बघत राहिले. मग मला हळूच विचारलं, "म्हणजे, हे पहिलेच?"

"पहिलेच, सर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि सगळ्यांदेखत शिडीखाली जाऊन शालिकरामांचा हात हातात घेतला. माफ करा म्हणाले. इतके महिने मी ज्यासाठी तुझ्या दारात उभी होते, ते एका परक्या माणसाने दोन शब्दांत करून टाकलं. जया तेव्हा खाली हातोडी धरून उभी होती, तिने ते ऐकलं.

जूनमध्ये नवीन पुस्तकं येतील. पान एकेचाळीस मी वर्गात वगळणार नाही, उघडायला सांगणार आहे. पोरी खाली बघतील, मग समोर बघतील. काय समजायचं ते समजतील.

राहिली तुझी सही. खाली उजव्या कोपऱ्यात आहे, लाल रंगात, वळणदार. बोळा हातात होता, टर्पेंटाइन होतं, एका मिनिटाचं काम होतं. सासूबाई म्हणाल्या, "पुसून टाक तिचं नाव." मी कोपऱ्यापर्यंत हात नेला सुद्धा. पण तो नखावरचा काळा डाग तू काढलेला आहे, आणि पातळाची चूण आपण दोघींनी मिळून काढलेली आहे. तू तिथे होतीस, सुहासिनी. जे माणूस होतं त्याला नव्हतं म्हणणं मला जमलं नाही.

सही आहे तशीच ठेवली. तू मात्र आता मला पत्र लिहू नकोस.

देवकी शालिकराम